एका हवालदाराचा सेवापट: प्रकल्प नोंदी, इंदूर

३ जून २०२४

काकूंनी डबा दिला. रामबागेतल्या घरी देव्हाऱ्याखालच्या फडताळात तो वर्षानुवर्षं होता. आत चांदीची तीन पदकं, कडी डाकवलेलं एक मोठं चांदीचं नाणं, पितळी तांब्या आणि घड्यांवर विरलेला मोडीतला एक कागद.

काकूंच्या सासऱ्यांचे आजोबा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत होते. मूळचे कोकणातले, नोकरी संपल्यावर महूच्या छावणीतच राहिले. घरात सांगत आलेली माहिती एवढीच, आणि वर एक वाक्य: "ते समुद्रापलीकडे लढून आले." गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये घराघरांतल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. तिथे त्यांचा सेवापट चार फलकांवर मांडायचं ठरलं आहे. नाव कुठेही लिहायचं नाही, अशी घरच्यांची अट आहे, ती मला मान्य आहे. या नोंदींत त्यांना हवालदार म्हणेन.

काकूंनी विचारलं, "पितांबरीनं लख्ख करून देऊ का?" नको म्हटलं. पदकाच्या कडेवर नाव, हुद्दा आणि पलटण कोरलेली असते. ती अक्षरं घासून गेली की माणूसच गेला.

५ जून

पहिलं पदक. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया राणीचं डोकं. दुसऱ्या बाजूला मुकुट, त्याखाली पानांची माळ आणि माळेत तीन ओळी: मियानी, हैदराबाद, १८४३. हे हैदराबाद म्हणजे सिंधमधलं. फीत नाही, टांगायची कडी नंतर कुणीतरी तांब्याची बसवलेली.

दिवसाउजेडी कडेवर काहीच दिसेना. संध्याकाळी खोली अंधारी करून टॉर्च अगदी आडवा धरला आणि पदक हळूहळू फिरवत नेलं, तेव्हा अक्षरं सावलीनं उठून आली. सिपाही, मग नाव, मग '२५वी रेजिमेंट, बॉम्बे एन. आय.'. म्हणजे मुंबईची पंचविसावी नेटिव्ह इन्फंट्री. नावाचं स्पेलिंग साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. काकूंना फोन करून वाचून दाखवलं. त्या जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, "हो, हेच नाव."

सगळ्या कामाचा पाया या कडेवर आहे. पलटणीचा आकडा हाती आला की पुढचे रस्ते सापडतात.

८ जून

पहिल्या फलकाचा मजकूर. पंचविसावी पलटण १८२० मध्ये उभी राहिली. १८४३ मध्ये ती सर चार्ल्स नेपियरबरोबर सिंधमध्ये होती. १७ फेब्रुवारीला मियानीची लढाई झाली. नेपियरच्या हाताशी तीन हजारांहून कमी माणसं, समोर सिंधचे राज्यकर्ते तालपूर अमीर यांचं त्याच्या कितीतरी पट बलुची सैन्य. गोऱ्यांची पलटण एकच, २२वी, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून रांगेत पंचविसावी. फुलेलीच्या कोरड्या पात्राच्या काठावर माणसं एकमेकांपासून काही हातांवर उभी राहून लढली. बंदूक एकदा उडवली की पुन्हा भरायला वेळ लागायचा, आणि बलुच्यांच्या हातात तलवारी होत्या. २४ मार्चला हैदराबादजवळ दाबोला दुसरी लढाई झाली, आणि सिंध कंपनीचं झालं.

सिंध घ्यायचा आपल्याला हक्क नाही, तरी आपण तो घेणारच, असं नेपियरनं स्वतःच्या रोजनिशीत आधीच लिहून ठेवलं होतं. हे वाक्य फलकावर असायलाच हवं. आमचा हवालदार तेव्हा साधा शिपाई, वय विशीच्या आतबाहेर, पगार महिना ७ रुपये. सेनापतीला जे कळत होतं ते या पोराला कुणी सांगितलं नव्हतं.

भत्त्याची गोष्टही इथेच घालतो. सिंध परमुलूख होता तोवर तिथल्या फौजेला जादा भत्ता मिळत असे. सिंध खालसा झाल्यावर तो आता आपलाच मुलूख म्हणून भत्ता बंद केला. ज्यांनी जिंकून दिलं त्यांच्याच पगारातून कापणी! १८४४ मध्ये बंगालच्या काही पलटणींनी याच कारणावरून सिंधला जायला नकार दिला. शिपाई हिशेब ठेवतो, हे कंपनीला तेव्हाच कळायला हवं होतं.

१२ जून

दुसरं पदक. मागच्या बाजूला सिंहापुढे उभी, हातात माळ धरलेली ब्रिटानिया, वर 'इंडिया', खाली १८५७-१८५८. टांगायच्या दांडीवर एक पट्टी: सेंट्रल इंडिया.

कड कोरी आहे. टॉर्च आडवा धरला, उभा धरला, भिंगाखाली फिरवलं. घासल्याची खूण नाही, अक्षरं कधी घातलीच नव्हती. त्या वर्षांची पदकं देशी पलटणींना बरीचशी बिननावाचीच वाटली गेली. मग हे पदक त्यांचंच कशावरून? माझा आधार पलटणीचा. पंचविसावी जानेवारी ते जून १८५८ झाशी घेणाऱ्या सेनापती सर ह्यू रोजच्या फौजेत होती, आणि ही पट्टी त्याच मोहिमेची. तिसऱ्या पदकावर नाव आहे, पलटणही तीच आहे. १८४३ ते १८६८ या मधल्या २५ वर्षांत माणूस पलटण सोडून गेला आणि परत त्याच पलटणीत हवालदार म्हणून उगवला, असं होत नाही.

म्हणजे ते झाशीला होते. महूहून निघालेल्या पहिल्या ब्रिगेडमध्ये.

हे काकूंना सांगायचं आहे. फोनवर नाही.

१५ जून

तिसरं पदक सगळ्यांत देखणं. आकारानं लहान, वर मुकुट आणि त्यावर कडी. पुढच्या बाजूला मधोमध पदर घेतलेली व्हिक्टोरिया, तिच्याभोवती नऊ टोकांची चांदणी, आणि टोकांच्या मधल्या जागांत एकेक अक्षर. नऊ अक्षरं जोडली की इंग्रजीतलं 'अबिसीनिया', म्हणजे आजचा इथिओपिया. मागे पानांच्या माळेत, भर मध्यभागी, ठसठशीत: हुद्दा, नाव, २५वी पलटण. कडेला नव्हे, मध्यभागी. बाकी पदकांवर हा मान राणीला, इथे तो शिपायाला. टॉर्चही लागला नाही.

सिपाहीचा हवालदार झाला होता. पगार ७ वरून १४.

२२ जून

नाणं घेऊन सराफ्यात गेलो. ओळखीच्या पेढीवर त्यांनी आधी कसोटीला हात घातला, मी थांबवलं. फक्त वजन करा म्हटलं. कडी धरून काटा २८ ग्रॅमच्या थोडा वर गेला. नाण्यावर जाडजूड बाई, खांद्यावर पदरासारखं वस्त्र, छातीवर मोत्यांची पिन. मागे दोन डोक्यांचा गरुड आणि १७८० हे साल. घरात याला 'राणीचा रुपया' म्हणत आले. काकूंच्या सासूबाईंनी सणासुदीला गळ्यात घातलेला काकूंना आठवतो.

ही राणी ऑस्ट्रियाची, मारिया थेरेसा. ती १७८० मध्ये गेली, पण तिचं नाणं त्याच सालासह पुढे शंभराहून जास्त वर्षं पाडलं जात राहिलं, कारण तांबड्या समुद्राच्या दोन्ही तीरांवर लोक दुसरं नाणं घेतच नव्हते. मोती झिजलेले किंवा साल निराळं असेल तर अबिसीनियातला शेतकरी ते परत करायचा. म्हणून १८६७ मध्ये इंग्रजांनी मोहिमेसाठी व्हिएन्नाच्या टांकसाळीतून मुद्दाम ही नाणी पाडून घेतली. गवत, धान्य, जनावरं, सगळं याच नाण्यांवर विकत घेतलं गेलं.

काट्यावरचे मालक कडीकडे बघत म्हणाले, "हे काम इकडचं आहे. डाक बघा, आपल्या सोनारानं लावलेली." म्हणजे नाणं आलं आफ्रिकेतून आणि दागिना झाला माळव्यात. हे नाणं फलकावर छापायचं नाही, प्रत्यक्ष काचेखाली ठेवायचं.

२९ जून

धारला जाऊन आलो. पाऊस नुकता पडून गेला होता आणि किल्ल्याचा लाल दगड ओला होता. फोटो चांगले आले.

धार इथे का? कारण हवालदाराचं १८५७ झाशीपासून सुरू होत नाही, आमच्या अंगणातून सुरू होतं. १ जुलैला होळकरांच्या पदरच्या सादत खानाच्या लोकांनी इंदूरची रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज एजंटाची कचेरी, घेतली, एजंट ड्युरंड पळाला, त्याच रात्री महूची बंगाली पलटण उठली. २ ऑगस्टला मुंबईकडची फौज महूत पोचली. पावसाळाभर चिखलात अडकून पडलेली ही फौज ऑक्टोबरात निघाली ती थेट धारवर. पवारांचं संस्थान, गादीवर अल्पवयीन मुलगा, किल्ल्यात अरब, मकराणी आणि रोहिले. २२ ऑक्टोबरला वेढा पडला. महिनाअखेरीस, भिंतीला खिंडार पडल्यावर, आतले लोक रात्रीतून निसटून गेले. संस्थान जप्त झालं, ते १८६० मध्ये परत दिलं.

तटावरून खाली पाहिलं तर गाव पायाशी आहे. कोकणातून आलेल्या शिपायाला खालून ऐकू येणारी भाषा ओळखीची वाटली असणार. बाजार, देवळं, पवारांचे कारकून, सगळीकडे मराठी. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

नोव्हेंबरात मंदसौर. डिसेंबरात फौज इंदुरात परतली, होळकरांच्या शिपायांची हत्यारं काढून घेतली. त्याच सुमारास ह्यू रोज आला. हे दोन ओळींत आवरायचं. फलकावर जागा नाही.

६ जुलै

काकूंना सांगितलं. त्यांचा नातू पुण्याहून आला होता, तोही बसला होता. मी सगळं क्रमानं मांडलं: पदक, पट्टी, पलटण, झाशी.

काकू काही बोलल्या नाहीत. नातू म्हणाला, "काका, झाशीचं नाव कशाला घालायचं? '१८५७-५८, मध्य भारत' एवढं खरंच आहे ना? मंडळात दर वर्षी पाच-सहा मुली राणी होऊन येतात. त्यांच्यासमोर आमचा फलक..." त्याचं वाक्य तुटलं. तो वाईट मुलगा नाही, आजीला त्रास नको एवढीच त्याची काळजी.

मी म्हटलं, तो शब्द गाळला तर बाकीचेही गाळावे लागतील. मियानीही गाळावी लागेल, सिंधची माणसं कुणाचीच नव्हती का? मग उरेल काय, फक्त चांदी.

तो म्हणाला, "त्यांना पर्याय कुठे होता? पोटासाठी होते."

पोटासाठी होते हे खरं. पर्याय अजिबात नव्हता हे मात्र मी फलकावर लिहिणार नाही. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात मुंबई फौजेचीच २७वी पलटण उठली होती. तीच भरती, तोच पगार, तीच गावं. कराचीत २१व्या पलटणीचा बेत फुटला आणि माणसं तोफेच्या तोंडी गेली. पंचविसावी उठली नाही. त्यात भीती किती, खाल्ल्या मिठाला जागणं किती, पलटणीतल्या सोबत्यांची ओढ किती आणि सवय किती, हे त्या माणसांनी कुठे लिहून ठेवलं नाही. पण उठणं शक्य होतं, लोक उठले होते, आणि हे नाही उठले. मला हे जसंच्या तसं लिहायचं आहे. त्यांना देशद्रोही म्हणायचा मला अधिकार नाही, आणि त्यांना हतबल बाहुलं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. पंचवीसेक वर्षं बंदूक वाहिलेला, तीन मुलूख पाहिलेला, हुद्दा चढलेला तो माणूस होता.

काकूंनी "विचार करते" म्हटलं. चहा घेऊन निघालो.

११ जुलै

झाशीचा मजकूर लिहायला घेतला. काकू नको म्हणाल्या तरी मसुदा तयार असावा.

जानेवारी १८५८ मध्ये दोन ब्रिगेड निघाल्या. दुसरी सिहोरहून राहतगड आणि सागरकडे. पहिली महूहून उत्तरेला, हीत ८६वी गोरी पलटण आणि पंचविसावी. १७ मार्चला यांनी चंदेरी घेतली आणि मग त्या झाशीच्या वेढ्याला येऊन मिळाल्या. १ एप्रिलला तात्या टोपे बेतवेवर मोठी फौज घेऊन आले. रोजनं वेढा न उठवता, असलेल्या माणसांतलीच थोडी घेऊन त्यांना गाठलं आणि हरवलं. तटावरून लोकांनी ते पाहिलं असेल. आशेची ती शेवटची तुकडी होती.

३ एप्रिलच्या पहाटे हल्ला झाला. उजवीकडे शिड्या लावल्या, त्यातल्या काही तोकड्या पडल्या, काही मोडल्या. डावीकडे तटाला खिंडार पडलेलं होतं. तिथून ८६वी आणि पंचविसावी आत शिरल्या. पुढे गल्लीगल्लीतून, घराघरातून, राजवाड्यापर्यंत. ४ तारखेच्या रात्री राणी लक्ष्मीबाई घोड्यावर बाहेर पडल्या. शहराला मात्र बाहेर पडायला वाट नव्हती.

त्या दिवसांत कोकणातले, वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या तटाच्या आत होते. यात्रेला आणि दक्षिणेच्या आशेनं निघालेला हा भिक्षुक तिथे अडकला. शहरात चाललेली कत्तल आणि लूट त्यांनी जवळून पाहिली, आणि पुढे म्हातारपणी मराठीत लिहून ठेवली. कत्तलीला ते 'बिजन' म्हणतात.

आज मला इथून पुढे सरकता येईना. एक कोकणी माणूस भिंतीच्या आत जीव मुठीत धरून बसला आहे. दुसरा कोकणी माणूस खिंडारातून आत येणाऱ्या रांगेत आहे. आतल्यानं लिहिलं म्हणून आपण त्याच्या डोळ्यांनी झाशी पाहिली. बाहेरच्याला लिहिता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्यानं लिहिलं असतं का? त्याच्या घरात फक्त 'समुद्रापलीकडे लढले' एवढंच उतरलं. अबिसीनिया पोरांना सांगितला, झाशी नाही. घरातल्या गोष्टीतून झाशी गळाली, हे मला या सगळ्या कामातलं सर्वांत बोलकं वाटतं. ती लाज होती असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण सांगितली नाही, एवढं खरं.

फलकावर दोघांनाही जागा द्यायची. हवालदाराच्या पदकाशेजारी गोडसे भटजींची ओळख, सारख्याच टायपात.

१२ जुलै

झाशीनंतरचं थोडक्यात. ७ मेला कोंच, ते उन्हानं लक्षात राहिलं. लढाईपेक्षा उष्माघातानं जास्त माणसं पडली, खुद्द रोज घोड्यावरून कोसळत होता. २३ मेला काल्पी. १ जूनला तात्या टोपे आणि राणींनी ग्वाल्हेर घेतलं, शिंदे आग्र्याला पळाले. १६ जूनला मुरार. १७ जूनला कोटा-की-सराईला, दुसऱ्या एका ब्रिगेडशी लढताना, राणी पडल्या. २० जूनला ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा दरवाजा फोडून मूठभर माणसं वर शिरली. त्यांचा म्होरक्या लेफ्टनंट रोज पंचविसाव्याच पलटणीचा, सेनापतीचा फक्त आडनावबंधू. तो तिथेच मेला.

१८ जुलै

काकूंचा फोन. "अरे, ते तिथं गेलेच होते ना? मग लिही. न लिहून ते परत थोडेच येणार आहेत तिथून?" मग म्हणाल्या, "पण त्या भटजींचंही लिहितोयस ना? ते नक्की लिही."

नातवाला मसुदा पाठवला. त्यानं एकच दुरुस्ती सुचवली, 'बंडवाले' हा शब्द काढून 'झाशीचे लोक' करा. पटली. केली.

२६ जुलै

अबिसीनियाचा फलक. आधी एक गोंधळ दूर करायची चौकट: सिंधचा चार्ल्स नेपियर वेगळा आणि अबिसीनियाचा रॉबर्ट नेपियर वेगळा. हवालदार दोघांच्याही हाताखाली होता. रॉबर्ट नेपियर १८५८ मध्ये ग्वाल्हेरलाही होता. पलटणीला पुढे १९०३ मध्ये '१२५वी नेपियर्स रायफल्स' हे नाव पडलं ते सिंधच्या नेपियरवरून.

सम्राट तेवोद्रोसनं व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, त्यानं इंग्रज वकील आणि पाद्री कैद केले. त्यांना सोडवायला मुंबईहून फौज निघाली: १३,००० लढवय्ये, त्याच्या दुप्पट बाजारबुणगे, ओझ्याची हजारो जनावरं आणि ४४ हत्ती. झुला नावाच्या उजाड किनाऱ्यावर गोडं पाणी नव्हतं. जहाजांवरचे बंब समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून प्यायचं पाणी करत. तेही पुरेना, खेचरं दोर तोडून पाण्यासाठी सैरावैरा धावत आणि वाळूत मरून पडत. किनाऱ्यावर लोखंडी रूळ टाकले, मग पहाड चढून सुमारे साडेसहाशे किलोमीटर आत, तेवोद्रोसच्या डोंगरी किल्ल्यापर्यंत, मगदालापर्यंत.

१० एप्रिल १८६८ ला अरोगीच्या उतारावर तेवोद्रोसचे लोक भाले-ढाली घेऊन धावत आले. समोर मागून भरायच्या नव्या बंदुका होत्या. त्यांची शेकडो माणसं पडली, इकडची जेमतेम वीस जखमी. १३ तारखेला मगदाला पडलं. तेवोद्रोसनं स्वतःवर गोळी झाडली. पिस्तूल व्हिक्टोरियानंच पूर्वी भेट पाठवलेलं. नंतर देवळांतल्या पोथ्या, मुकुट, क्रूस, सगळं हत्तींवर आणि खेचरांवर लादून नेलं आणि वाटेत पठारावर त्याचा लिलाव केला.

मियानीत हवालदार समोरच्याइतकाच मरणाच्या जवळ उभा होता. अरोगीत नव्या बंदुकीनं ते अंतर शेकडो पावलांचं करून टाकलं. पंचवीस वर्षांत लढाई कशी बदलली ते एका माणसाच्या नोकरीत दिसतं, म्हणून पहिला आणि चौथा फलक समोरासमोर टांगायचे.

खर्चाचीही एक ओळ हवी. मोहिमेचा जादा खर्च विलायतेनं उचलला, पण हिंदी फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच तिजोरीतून गेला. म्हणजे अबिसीनियाच्या मोहिमेत हवालदाराला मिळालेले महिना १४ रुपये आपल्याकडच्या शेतसाऱ्यातले.

५ ऑगस्ट

मोडीचा कागद वाचून आला. मंडळातल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी एका बैठकीत लावला. मला पेन्शनीचा किंवा शौर्याचा कागद असेल असं वाटत होतं. निघालं कर्जरोखा. शके १७९३, म्हणजे १८७१-७२. महूच्या बाजारातल्या सावकाराकडून मुलीच्या लग्नासाठी ८० रुपये, दरमहा पेन्शनीतून फेड, तारण 'रुप्याचे बिल्ले तीन'.

तीन बिल्ले. म्हणजे बिननावाचं मधलं पदकही तेव्हा त्यांच्याकडेच होतं. १२ जूनला पलटणीवरून जे ताडलं होतं त्याला आता कागदाचा आधार आला. आणि पदकं आज घरात आहेत, त्याअर्थी कर्ज फिटलं.

८० रुपये म्हणजे हवालदाराचा जवळजवळ सहा महिन्यांचा पूर्ण पगार. सिंध, मध्य हिंदुस्थान, अबिसीनिया, इतकं करून आलेल्या माणसाला लेकीचं लग्न करायला पदकं गहाण टाकावी लागली. मी बाईंना दोनदा वाचायला लावलं. बाई म्हणाल्या, "अहो, स्वच्छ लिहिलंय, 'बिल्ले तीन'."

कागदाची रंगीत छायाप्रत आणि खाली देवनागरी लिप्यंतर, पूर्ण. मूळ कागद काकूंकडे परत, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये.

१९ ऑगस्ट

चारही फलक छापखान्यात. नातवानं पुण्याहून मांडणी करून पाठवली, नकाशेही त्यानंच केले आणि सुंदर केले. झाशीच्या फलकाचा शेवटचा मजकूर असा ठरला:

"३ एप्रिल १८५८. मुंबईची २५वी पलटण झाशीच्या तटातल्या खिंडारातून आत गेली. या घरातले हवालदार त्या पलटणीत होते. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी शहरात होते. शहरात कत्तल आणि लूट झाली. त्याआधीच्या वर्षी कोल्हापूरची २७वी पलटण इंग्रजांवर उठली होती, २५वी उठली नाही. या मोहिमेच्या पदकावर नाव कोरलेलं नाही. ते त्यांचंच, हे शके १७९३ च्या कर्जरोख्यावरून कळतं."

काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हॉलची व्यवस्था विचारली. झाशीच्या फलकाशेजारी त्यांना खुर्ची हवी आहे, पाठ असलेली. "लोक विचारतील, तेव्हा तू कुठे कुठे उत्तरं देत फिरशील? मी बसते तिथं, मी सांगेन." मंडळाच्या चिटणिसांना खुर्चीचं आणि नाण्याच्या काचपेटीला कुलुपाचं कळवलं आहे. छापखान्यातून पहिली प्रत शुक्रवारी तपासायला मिळेल.